कुणाकडनं, पाव्हणं?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मी जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचा. घनसावंगी तालुक्यातलं हे गाव. गावाचं नाव सांगितलं की ऐकणारा लगेच म्हणतो, 'म्हणजे रामदास स्वामींचं जांब!' समर्थांचा जन्म १६०८ साली इथं झाला. रामनवमीला गावात पाय ठेवायला जागा नसते. गावाचं नाव ऐकून खूश झालेल्या माणसाला मी माझं नाव सांगतो, तेव्हा तो क्षणभर थांबतो. मग म्हणतो, 'पण मराठी छान बोलता हो तुम्ही.' त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण पन्नाशी उलटली, मराठीत कविता लिहिता लिहिता केस पिकले, तरी हे वाक्य माझा पिच्छा सोडत नाही.

आज मला फुटबॉलबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात मात्र अशी का केली, हे पुढं कळेल.

आमच्या लहानपणी जांबला फुटबॉल नव्हता. पायानं खेळायचा चेंडू कुणी विकतही आणला नव्हता. हुतूतू होता, विटीदांडू होता, आणि कुस्ती होती. तालमीत शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचा, मग मातीला. आत कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. मी त्या मारुतीसमोर जोर मारलेत, बैठका काढल्यात. घरी कुणी त्याबद्दल कधी विचारलं नाही. आईची तक्रार एवढीच की कपड्यांची लाल माती धुतली तरी निघत नाही.

पुढे बी.ए. करताना उर्दू जरा नीट वाचायला लागलो, तेव्हा कळलं की 'तालीम' हा शब्द अरबी आहे. तिकडं त्याचा अर्थ शिक्षण. 'इल्म' म्हणजे ज्ञान, त्याच धातूपासून आलेला. आपण त्याला मातीत आणलं, लंगोट घातला, आणि वर नाटकाच्या सरावालाही तेच नाव दिलं. तालमीतला 'वस्ताद' म्हणजे फारसीतला 'उस्ताद'. एका अरबी शब्दाच्या घरात, फारसी नावाच्या माणसाच्या हाताखाली, मारुतीच्या साक्षीनं आपली पोरं घडली. याचं कुणाला नवल वाटलं नाही. मलाही अर्थ कळेपर्यंत वाटलं नव्हतं.

फुटबॉलशी माझी गाठ पडली ती कोल्हापुरात. २०१३च्या फेब्रुवारीत तिथं एका कविसंमेलनाला गेलो होतो. रात्रभर एसटीत अंग आंबवून सकाळी पोहोचलो. संयोजक म्हणाले, 'पत्रिकेत सहाची वेळ छापलीय, पण सातच्या आत माणसं येणार नाहीत. आज मॅच आहे.' मला वाटलं, क्रिकेट असेल. ते हसले. 'नाही हो, फुटबॉल. पाटाकडील आणि दिलबहार.' मी विचारलं, ही कुठली गावं? ते म्हणाले, 'गावं नव्हेत, तालमी आहेत.'

तालीम आणि फुटबॉल! मी चहा अर्धा टाकून उठलो आणि त्यांना म्हटलं, मला तिथं सोडा.

शाहू स्टेडियमवर पायऱ्या माणसांनी भरलेल्या. हलग्या, शिट्ट्या, झेंडे. मी एका पायरीवर जागा करून बसलो. शेजारी पंचविशीतला पोरगा होता, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला. त्या दिवशी पाळी बदलून आला होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, 'काय पाव्हणं, कुणाकडनं?'

मी नेहमीप्रमाणे नाव-गाव सांगायच्या तयारीला लागलो. तो म्हणाला, 'तसं न्हवं ओ. पाटाकडील का दिलबहार?'

आयुष्यात अनेकांनी मला अनेक प्रश्न विचारलेत. हा मला फार आवडला. मी म्हटलं, दिलबहार. 'का?' म्हटलं, नाव आवडलं. तो खो खो हसला. 'नावावरनं संघ धरणारा पयलाच बघितला.' पण सरकून त्यानं मला नीट बसायला जागा दिली, कारण तोही दिलबहारचाच होता. सामन्याचा निकाल मी सांगत नाही. त्यावरून कोल्हापुरात अजून वाद होईल.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. जमेल तसं विचारत गेलो, वाचत गेलो.

फुटबॉल हिंदुस्थानात इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला. १८८८ साली ड्युरँड चषक सुरू झाला, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक. १९११ साली कोलकात्याच्या मोहन बागाननं बहुतेक अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवलं आणि बंगाल वेडा झाला. कोल्हापूर मात्र तेव्हा कुस्तीत बुडालेलं होतं. त्याला कारण शाहू महाराज. १८९४ ते १९२२ असा त्यांचा राज्यकाळ. मागासलेल्यांना निम्म्या नोकऱ्या राखून ठेवण्याचा १९०२ चा त्यांचा हुकूम सगळ्यांना माहीत असतो. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहं उभी केली, त्यात १९०६ साली मुसलमान मुलांच्या बोर्डिंगचीही सोय झाली. अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई त्यांनी दरबारी ठेवला. आणि कुस्तीसाठी खासबागेचं ते प्रचंड मैदान बांधलं. १९१२ मध्ये तिथली पहिली मोठी कुस्ती झाली, ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गामाचा भाऊ.

महाराजांच्या आश्रयानं पेठापेठांत तालमी वाढल्या. कोल्हापूरची तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे, हे बाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगावं लागतं. तिथं माती असतेच. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली. पण माडीवर बसायची जागा असते, जिथं पेठेतली भांडणं मिटतात आणि नवी सुरूही होतात. गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची, आणि कित्येक तालमींत मोहरमचा पंजाही तालमीचाच. कुणाच्या घरी मयत झाली तर तिरडी बांधायला तालमीतली पोरं. लग्नात वाढायलाही तीच. तालमीचं सभासद होण्यासाठी एकच अट दिसते: तुम्ही त्या गल्लीत वाढलेले असायला हवं.

राजारामपुत्रांच्या नव्हे, तर शाहूपुत्र राजाराम महाराजांच्या काळात इथं मैदानी खेळ रुजले, आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. 'केएसए' या तीन अक्षरांनी ती गावात ओळखली जाते. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मल्लांना खुराक देणारा राजा राहिला नाही. दूध, तूप, बदाम यांचा खर्च गरिबाच्या घराला पेलत नाही, आणि एका घरातला एकच पोरगा पैलवान होऊ शकतो. फुटबॉलचं तसं नव्हतं. एका चेंडूमागं बावीस पोरं धावतात. पैलवानासारखं दहा वर्षं वाट बघायची गरज नाही. माझा आपला अंदाज असा की कुस्तीला जिथं खर्च परवडेना, तिथं पेठेची ईर्षा फुटबॉलमध्ये शिरली. तालमीची इमारत तीच होती, वर्गणीची वही तीच होती, पलीकडच्या पेठेला दाखवून द्यायची खुमखुमीही जुनीच होती. लंगोटाच्या जागी जर्सी आली एवढंच.

म्हणून कोल्हापुरात फुटबॉल संघाला क्लब न म्हणता तालीम म्हणतात. संघांची नावं ऐका. पाटाकडील तालीम मंडळ. म्हणजे पाटाच्या कडेची, नावातच पत्ता. खंडोबा तालीम मंडळ. बालगोपाल तालीम मंडळ. शिवाजी तरुण मंडळ. संध्यामठ तरुण मंडळ. उत्तरेश्वर. फुलेवाडी. मध्येच एक 'प्रॅक्टिस क्लब', सरळ इंग्रजी. आणि दिलबहार! खंडोबाच्या शेजारी दिलबहार, बालगोपालाच्या पलीकडं प्रॅक्टिस. देव, बाळं, फारसी वसंत आणि इंग्रजी सराव एकाच गुणतक्त्यात. ही यादी मी कवितेत लिहिली असती तर संपादकानं 'ओढूनताणून आणलंय' असं म्हणून परत पाठवली असती.

वरिष्ठ गटात सोळा संघ. पावसाळा सरला, दिवाळी झाली की केएसएकडं खेळाडूंची नोंदणी सुरू होते. कुणी कुठल्या तालमीतून कुठल्या तालमीत गेला, याची चर्चा त्या दिवसांत चहाच्या गाड्यांवर चालते, तेवढी आमदारांच्या पक्षांतराची चालत नसेल. मग साखळी सामने, पुढं चषकांच्या स्पर्धा. उन्हाळाभर हे चालतं आणि मृगाचा पाऊस आला की मैदान गप्प होतं. विश्वचषकाच्या वर्षी तर चौकाचौकांत मेस्सी आणि नेमारचे मोठाले कटआउट उभे राहतात. एक गल्ली अर्जेंटिनाची, दुसरी ब्राझीलची. ज्यांच्या गावी आपण जन्मात जाणार नाही त्यांच्यासाठी सख्खे शेजारी महिनाभर अबोला धरतात.

आता हे सगळं मजेशीर आहे, पण मला त्यात दुसरंच काही दिसलं, आणि ते नीट दिसायला कोल्हापूरच्या बाहेर यावं लागतं. १९४० सालीच मुंबईत काय चाललं होतं, बघा. तिथं क्रिकेटची पंचरंगी स्पर्धा भरत होती. संघ कुठले? हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि उरलेल्यांचा एक. १९१२ साली चौरंगी, १९३७ पासून पंचरंगी. हजारो माणसं यायची. मोठमोठे खेळाडू त्यात खेळले, आणि खेळ उत्तमच होता, यात शंका नाही. पण मैदानात उतरताना कप्तानाच्या पाठीमागं धर्म उभा असायचा. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी या धर्मवार संघांबद्दल नापसंती व्यक्त केली. तरी स्पर्धा पुढं काही वर्षं रेटली गेली. १९४६ नंतर ती बंद झाली, आणि तोपर्यंत देशाच्या फाळणीची तारीख जवळ आली होती. कोलकात्यात मोहमेडन स्पोर्टिंगनं १९३४ पासून लागोपाठ पाच वर्षं लीग जिंकली. मुसलमानांना तो आपला संघ वाटला, आणि त्या अभिमानात वावगं काही नव्हतं. पण तिथंही मैदानावर जमात उभी राहिली ती राहिलीच.

कोल्हापुरानं संघ पाडले ते पेठेवरून. कुणी विचार करून, ठराव करून तसं केलं नाही. तालीम पेठेची होती म्हणून संघ पेठेचा झाला. त्यामुळं झालं असं की मंगळवार पेठेतला मुसलमान पोरगा शिवाजी पेठेतल्या मुसलमान पोराच्या विरुद्ध खेळतो, आणि त्याच्या पायात चेंडू देणारा शेजारच्या घरातला मराठा, माळी, महार, नाहीतर गवळी असतो. गोल झाला की मिठी पहिली त्याला मारली जाते जो सगळ्यांत जवळ उभा असतो.

बाबुजमाल तालमीचं उदाहरण देतो. तिथं दर्गा आहे, तालीमही आहे. मोहरममध्ये तिथला नाल्या हैदरचा पंजा सगळ्या गावाला माहीत असतो. आपल्या चांद्र पंचांगाला अधिक महिना आहे आणि हिजरी कालगणनेला नाही, त्यामुळं मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो आणि बत्तीस-तेहतीस वर्षांनी गणपतीला येऊन गाठतो. अलीकडं २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं हे दोन्ही एकत्र आले. त्यातलं २०१९ विसरता येत नाही. ऑगस्टमध्ये पंचगंगेनं कोल्हापूर बुडवलं, पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. तालमी-मंडळांची पोरं गळाभर पाण्यात माणसं काढत होती, पोळी-भाजी पोचवत होती. पाणी ओसरून चिखल वाळतो न वाळतो तोच गणपती आला, आणि त्याच आठवड्यात पंजे बसले. कुरुंदवाडला तर मशिदीतच गणपती बसवण्याची रीत आहे. त्या पुरात कुरुंदवाडही पाण्यात होतं.

अशा गावांची जगात आणखी कुठं जोड मिळते का, म्हणून शोधत असताना मी स्पेनच्या उत्तरेला जाऊन पोचलो. म्हणजे पुस्तकातून आणि टीव्हीवरून. तिथं बास्क नावाचे लोक राहतात. त्यांची भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी नातं सांगत नाही. डोंगराच्या बेचक्यात एइबार नावाचं सत्तावीस हजार वस्तीचं गाव आहे. बंदुका बनवणाऱ्या कारागिरांचं गाव. पुढं तिथं शिवणयंत्रं आणि सायकली बनू लागल्या. स्पेनच्या यादवी युद्धात ते बाँबनी उद्ध्वस्त झालं. त्या राखेतून १९४० साली त्यांनी फुटबॉल क्लब काढला. पुन्हा १९४०! योगायोग आहे, पण मला बरा वाटला.

हा क्लब सत्तर-पंचाहत्तर वर्षं खालच्याच पायऱ्यांवर खेळत राहिला. २०१४ साली दुसऱ्या श्रेणीत पहिला आला आणि माद्रिद-बार्सिलोनाच्या पंगतीत बसायचा हक्क मिळाला. तर तिथल्या कायद्यानं सांगितलं, तुमचं भांडवल कमी आहे, साधारण सतरा लाख युरो आणा, नाहीतर खाली जा. क्लबवर एक पैशाचं कर्ज नव्हतं, हे विशेष. मग त्यांनी शेअर विकायला काढले. एखादाच धनदांडगा क्लब घेऊन टाकू नये म्हणून एकानं किती घ्यायचे यावर मर्यादा घातली. जगभरातल्या हजारो माणसांनी थोडे थोडे पैसे घातले आणि गाव तरलं. पुढचे सात हंगाम, २०२१ पर्यंत, हे चिमुकलं गाव स्पेनच्या पहिल्या श्रेणीत खेळलं. गावाचं मैदान केवढं? सुरुवातीला जेमतेम पाच-सहा हजार माणसांचं. आपल्याकडं एवढी गर्दी कीर्तनाला होते. कोल्हापूर शहर एइबारपेक्षा खूप मोठं. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांचं. पण कोल्हापूरची एक पेठ आणि एइबार यांची बरोबरी लावता येईल. वर्गणीची वही दोघांकडं आहे.

त्याच मुलखात बिल्बाओ हे मोठं शहर आहे. तिथला अ‍ॅथलेटिक क्लब १८९८ चा. त्यांची शंभरहून जास्त वर्षांची रीत अशी की संघात फक्त आपल्या बास्क मुलखातलाच खेळाडू घ्यायचा. बाकीचे क्लब जगभरातून माणसं विकत घेतात, हे घेत नाहीत. तरी पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली आले नाहीत. ऐकून मला आधी जरा धास्तीच वाटली. 'फक्त आपलेच' हे शब्द मी आयुष्यात इतक्या ठिकाणी ऐकलेत, आणि त्यात मी सहसा धरलेला नसतो.

पण 'आपला' कुणाला म्हणायचं, याचा त्यांचा हिशेब बदलत गेला. आता तिथं जन्मलेला किंवा तिथल्या मैदानांवर खेळत वाढलेला, असा कुणीही चालतो. घाना देशातून एक जोडपं सहारा वाळवंट पायी तुडवत, कुंपण ओलांडून स्पेनमध्ये आलं. त्यांना बास्क मुलखात आसरा मिळाला. १९९४ मध्ये बिल्बाओत त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव इन्याकी, अस्सल बास्क नाव. आठ वर्षांनी दुसरा, निको. दोघं काळे भाऊ अ‍ॅथलेटिकचे लाडके खेळाडू झाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये चाळीस वर्षांनी त्यांच्या क्लबनं स्पेनचा राजाचा चषक जिंकला, तेव्हा नदीतून नावेची मिरवणूक निघाली आणि दोन्ही काठांवर अख्खं शहर लोटलं. थोरला घानाकडून विश्वचषक खेळतो, धाकटा स्पेनकडून. देश दोन, पण क्लब एकच. म्हणजे तिथंही शेवटी प्रश्न हाच उरला की तू कुठल्या मैदानात वाढलास.

गंमत म्हणजे कोल्हापूर आता उलट्या दिशेनं निघालंय. गेल्या काही वर्षांत तिथल्या तालमी आफ्रिकेतून आलेले खेळाडू आणू लागल्या. जुनी माणसं कुरकुरतात: 'पेठेच्या पोरानं कुठं खेळायचं मग?' त्यांचं अगदीच चूक नाही. बाहेरचा खेळाडू आणायचा तर पैसा लागतो, पैसा आला की पैसेवाला येतो, आणि पैसेवाल्यामागून पुढारी. पुढाऱ्यांच्या नावाचे चषक तर कधीच सुरू झालेत.

माझ्या बोलण्यावरून कुणाला वाटेल की कोल्हापुरात सगळं गोडच आहे. तसं नाही. सामना हरला की दगड सुटतात. मैदानातली मारामारी रात्री गल्लीत येते, गाड्या फुटतात, पोलीस पोरांना उचलतात, आणि बाप दुसऱ्या दिवशी रोजंदारी बुडवून चौकीत बसतो. एवढं वेड असलेल्या गावातून देशाच्या संघात किती पोरं गेली, हा प्रश्न विचारला की पायरीवरचे लोक इकडं तिकडं बघतात. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, भारताकडून खेळला. गावानं त्याला डोक्यावर घेतलं ते योग्यच. पण तो घडला पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत. पेठेचा खेळाडू पंचविशी-तिशीत गुडघा धरून बसला की त्याची विचारपूस करायला झेंडेवाले येत नाहीत.

आणि बायका? तालमीच्या उंबऱ्याच्या आत त्या कधी नव्हत्याच. पायऱ्यांवरही मला बोटावर मोजण्याएवढ्या दिसल्या. तरी २०१९ साली लुधियानात महिलांची राष्ट्रीय लीग झाली, तीत 'एफसी कोल्हापूर सिटी' नावाचा संघ उतरला होता. त्या मुलींच्या बातमीला पेठेतल्या एखाद्या उपांत्य सामन्याएवढीसुद्धा जागा मिळत नाही.

आता तो फौंड्रीतला पोरगा. त्या दिवशी निघताना आम्ही फोन नंबर घेतले. नाव ना त्यानं विचारलं, ना मी. मी त्याचा नंबर 'दिलबहार' म्हणून साठवला, त्यानं माझा 'जांब' म्हणून. पुढं बोलता बोलता एकमेकांची खरी नावं कळली, पण फोनमध्ये अजून तीच आहेत. एकदा त्याला मी सांगितलं की आमच्या गावचा माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वी तुमच्याकडं येऊन गेलाय. 'कोण ओ?' म्हटलं, रामदास स्वामी. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगावचे दोन मारुती तुमच्याच जिल्ह्यात आहेत. तो म्हणाला, 'मग तुम्ही आमचं जुनं पाव्हणं की!'

७ जून २०२३ ला कोल्हापुरात दंगल उसळली. मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर बंद ठेवलं गेलं, दगडफेक झाली, दुकानं फुटली. इंटरनेट बंद केल्यामुळं खरं-खोटं काही कळेना. टीव्हीवर ओळखीचे चौक दिसत होते आणि माझ्या घरात कुणी बोलत नव्हतं. मी त्याला साधा फोन लावला. तिसऱ्या वेळी लागला.

विचारलं, सगळं ठीक?

'घरात ठीक हाय. गल्लीत पण.'

तालमीतली पोरं?

तो जरा थांबला. म्हणाला, 'तालमीम्होरं बसून हाईत, रात्री पण बसणार. पण दगड मारणाऱ्यात कुठल्या ना कुठल्या तालमीची पोरं असतीलच की. खोटं कशाला बोलू तुमच्यासंगं?'

मी त्याचं हे उत्तर बऱ्याच ठिकाणी सांगितलं आहे. काहींना ते आवडत नाही. त्यांना एक तर 'कोल्हापूर म्हणजे शाहूंची नगरी, तिथं असं होऊच शकत नाही' असं ऐकायचं असतं, नाहीतर 'बघा, शेवटी सगळे सारखेच' असं. माझ्याकडं या दोन्हींपैकी काही नाही. माझ्याकडं एका फौंड्री कामगाराचा शब्द आहे. तालमीसमोर रात्रभर बसणारी पोरं खरी, आणि त्याला वाटणारी लाजही खरी. त्या पोरांना त्या रात्री तिथं बसवलं ते कुठल्या भाषणानं नव्हे. समोरच्या गल्लीतला पोरगा आपला उजवा बॅक आहे, नोव्हेंबरात त्याच्याबरोबर उतरायचं आहे, एवढं माहीत असल्यावर बसावंच लागतं.

आमच्या जांबची तालीम आता बंदच असते. पोरं मोकळ्या रानात क्रिकेट खेळतात. मागच्या वर्षी नातवाला मी जालन्याहून फुटबॉल आणून दिला. दोन दिवस गावातल्या पोरांनी तो बदडला, तिसऱ्या दिवशी बाभळीच्या काट्यानं तो गेला. सायकलवाल्यानं पंक्चर काढून दिलं, पण आता तो जरा एका बाजूला जातो.

कोल्हापूरचा हंगाम सुरू झाला की मी वर्तमानपत्र मागच्या पानापासून उघडतो. पण आमच्याकडच्या आवृत्तीत ते निकाल येत नाहीत. त्याची फारशी अडचण पडत नाही, कारण सामना संपला की संध्याकाळी फोन वाजतो आणि पडद्यावर 'दिलबहार' दिसतं. परवाही वाजला. मागं हलगी नव्हती, म्हणजे काय झालं असेल ते मला आधीच कळलं.

'जांब,' तो म्हणाला, 'आपण हरलो की ओ.'